मोजले कोणाला, वगळले कोणाला: महाराष्ट्रातील गुप्तरोगांच्या आकड्यांचा इतिहास

१८९५ साली हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत दर हजार शिपायांमागे गुप्तरोगासाठी इस्पितळात भरती झाल्याच्या ५२२ नोंदी झाल्या. हा आकडा लंडनला पोचला आणि पार्लमेंटात, लष्करी खात्यात, धर्मोपदेशकांच्या सभांत त्यावर वाद पेटला. निम्मी फौज रोगाने पोखरली आहे, असाच त्याचा अर्थ अनेकांनी घेतला. तो चुकीचा होता. ५२२ ही माणसांची संख्या नव्हती, भरतीच्या नोंदींची होती. एकच शिपाई जानेवारीत परम्यासाठी (गनोरिया), मे महिन्यात गरमीच्या (सिफिलिस) चट्ट्यांसाठी आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा त्याच दुखण्यासाठी दाखल झाला, तर तो तीनदा मोजला जाई. ज्या बाजारातून हा रोग छावणीत येतो असे सांगितले जाई, त्या बाजारात, त्याला लागून असलेल्या पेठांत आणि भोवतालच्या खेड्यांत तो किती आहे, हे मात्र कोणी मोजलेच नव्हते. महाराष्ट्रातल्या लैंगिक आजारांच्या मोजणीचा इतिहास इथून सुरू होतो आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे एकाच प्रश्नापाशी घुटमळतो: मोजायला घेतले कोणाला? या इतिहासात आकडे चुकले ते बहुधा बेरीज चुकल्यामुळे नाही. ज्यांच्यावर आधीच संशय होता किंवा जे हाताशी होते तेवढेच लोक मोजले गेले आणि त्यांच्यावरून सगळ्या समाजाचे निदान केले गेले, म्हणून ते चुकले.

सरकारने शिपाई मोजला, कारण शिपाई महाग होता. विलायतेत भरती करून, जहाजाने आणून, कपडेलत्ते आणि शिधा देऊन पोसलेला माणूस खाटेवर पडला की त्याचा दिवस वाया जाई, आणि प्रत्येक वाया गेलेल्या दिवसाचा हिशेब खात्याला द्यावा लागे. त्यामुळे पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कामठी अशा छावण्यांच्या इस्पितळांत नोंदी चोख राहिल्या आणि आज इतिहासकाराच्या हाती सलग कागद लागतात ते छावणीचेच. पण नोंद चोख असली तरी तिचा अर्थ सरळ असतोच असे नाही. १८७० मध्ये ब्रिटिश सैन्यात अल्पमुदतीची नोकरी सुरू झाली. वीस-वीस वर्षे पलटणीत काढलेले जुने, त्यातले काही संसारी, शिपाई मागे पडत गेले आणि त्यांच्या जागी विशीतले, अविवाहित तरुण येऊ लागले. छावणीत बायको आणण्याची परवानगी मोजक्यांनाच असे. म्हणजे ज्या 'हजार शिपायां'मागे दर काढला जाई, ते १८६० चे हजार आणि १८९० चे हजार एकाच जातकुळीचे नव्हते. छेदातली माणसे बदलली की रोगाचा स्वभाव बदलला नाही तरी दर बदलतो, ही गोष्ट त्या वेळच्या गदारोळात फार थोड्यांनी ध्यानात घेतली. देशी पलटणींतला दर गोऱ्या पलटणींच्या मानाने फारच कमी होता. त्याचे श्रेय कोणी देशी शिपायाच्या शीलाला दिले, कोणी त्याच्या संसाराला. तो शिपाई असले दुखणे घेऊन सरकारी डॉक्टरपुढे उभा राहण्याऐवजी बाजारातल्या वैद्य-हकिमाकडे जात असेल, ही शक्यता मात्र तक्त्यात मावणारी नव्हती.

शिपाई मोजून झाल्यावर सरकारने दोष शोधला तो बायकांत. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी बाजारातल्या वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने तीच व्यवस्था शहरांनाही लावता येऊ लागली. नोंदलेल्या बाईला तिकीट मिळे, ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर राहावे लागे, आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या इस्पितळात बरी होईपर्यंत अडकून पडावे लागे. ज्या शिपायापासून तिला रोग झाला असेल त्याला तिकीट नव्हते. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये अमलात आला. त्याचा खर्च सोसायला नगरपालिका राजी नव्हती, म्हणून १८७२ मध्ये तो थांबला आणि १८८० च्या सुमारास पुन्हा सुरू झाला. शहरात किती वेश्या असाव्यात याचा पोलिसांचा स्वतःचा जो अंदाज होता, त्याच्या मानाने वहीत नाव चढलेल्या बायका थोड्याच होत्या. उरलेल्यांनी घर बदलले, गल्ली बदलली, कोणी कोणाची ठेवलेली बाई म्हणून नाव सांगितले, कोणी शहरच सोडले. तपासणीत सापडणारा रोगही डोळ्यांना दिसेल तेवढाच असे. परम्याचा जंतू नाइसरने १८७९ मध्ये शोधला, गरमीचा जंतू १९०५ मध्ये सापडला, आणि तिची रक्तातली चाचणी वासरमनने १९०६ मध्ये दिली. त्याआधीची तपासणी म्हणजे कमी उजेडात, घाईघाईने, बाईच्या मर्जीविरुद्ध केलेले निरीक्षण. स्त्रीच्या शरीरात हे दोन्ही रोग कित्येकदा काहीच लक्षण दाखवत नाहीत. तेव्हा लॉक हॉस्पिटलच्या अहवालातला 'निरोगी' हा शब्द वाचताना हात राखूनच वाचावा लागतो.

यावर त्या काळीही एक बिनतोड वाटणारा आक्षेप होता आणि आजही तो वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. इंग्लंडात जोसेफिन बटलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या चळवळीमुळे १८८६ मध्ये तिथले असेच कायदे रद्द झाले. जून १८८८ मध्ये कॉमन्स सभागृहाने हिंदुस्थानातली सक्तीची तपासणीही बंद करण्याचा ठराव केला आणि इथला कायदा त्याच वर्षी गेला. त्यानंतर सात वर्षांत दर ५२२ वर चढला. 'तपासणी थांबवली आणि रोग वाढला, आणखी कसला पुरावा हवा?' असे लष्करी अधिकारी विचारत. पण पुरावा पूर्ण मांडला की चित्र बदलते. कायदा जोरात होता त्या १८८० च्या दशकातही दर चढतच होता, म्हणजे वाढ कायदा गेल्यावर सुरू झालेली नाही. शिवाय कागदावर रद्द झालेली तपासणी छावण्यांत बंद झालीच नव्हती. एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन बायकांनी १८९१-९२ मध्ये छावण्या फिरून ही गोष्ट उघडकीला आणली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाच दर झपाट्याने उतरला आणि १९१० पर्यंत हजारी शंभराच्याही खाली आला. छावणी बाजारातल्या बायकांची संख्या वा सचोटी त्या दशकात एकाएकी बदलली नव्हती. बदलले होते ते शिपायाचे आयुष्य: दारूला पर्याय, खेळ, वाचनालये, वरिष्ठांची तंबी, आणि इस्पितळात भरती करण्याच्या पद्धती. शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. दर भरतीच्या नोंदींचा असेल, तर भरतीचे धोरण बदलताच तो बदलतो, आणि त्यातला किती भाग रोगाचा आणि किती धोरणाचा हे वेगळे करता येत नाही. सक्तीच्या तपासणीच्या बाजूने वा विरुद्ध कोणताही निकाल त्या तक्त्यांतून निघत नाही, एवढाच प्रामाणिक निष्कर्ष आहे. तरी निकाल काढला गेला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

छावणीबाहेर, मुंबईसारख्या शहरात, तर तक्तेही नव्हते. गिरण्यांनी कोकणातून, साताऱ्याकडून आणि घाटावरून पुरुष ओढून आणले. बायका-मुले गावी राहिली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. एका खोलीत आठ-दहा गडी, खानावळीचा डबा, आणि वर्षातून एकदा गणपतीला वा शिमग्याला गावची वारी. या ये-जा करणाऱ्या माणसाबरोबर रोगही ये-जा करत होता, हे डॉक्टरांना कळत होते. पण त्याची वाट मोजायची तर चाळीत आणि गावच्या घरात शिरावे लागले असते, आणि तिथे शिरण्याची कोणाचीच तयारी नव्हती. सरकारी इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत बाह्यरुग्णांच्या यादीत एक रकाना भरला जाई तेवढेच. खरी गिऱ्हाइकी होती वैद्य, हकीम आणि वर्तमानपत्रांतून 'गुप्त' औषधांची जाहिरात करणाऱ्यांकडे. असली औषधे टपालाने घरपोच मिळत. ज्या समाजात दुखणे टपालाने बरे केले जाते त्या समाजाकडून नोंदीची अपेक्षा करता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले, तेव्हा संततिनियमनाबरोबर गुप्तरोग हाही त्यांचा ठरलेला विषय होता. हे रोग पापाची शिक्षा नाहीत, इतर रोगांसारखेच रोग आहेत, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. या मासिकातल्या लेखनासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, यावरून त्या काळात घराघरांतून खरी माहिती गोळा होणे किती दुरापास्त होते, याची कल्पना येते.

पेनिसिलिन आले आणि प्रश्न सुटलासा वाटला. १९४६ मध्ये देशात गुप्तरोग नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, व्हीडीआरएल ही गरमीची स्वस्त रक्तचाचणी हाताशी आली, आणि मोठ्या इस्पितळांत त्वचारोगाच्या शेजारी गुप्तरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आला. पण चाचणी सोपी झाली म्हणून मोजणी व्यापक झाली नाही. त्या विभागात येणारे बहुतेक पुरुष होते, कारण जखम वा पू दिसला की पुरुषाला दुखणे ठाऊक होते आणि एकट्याने इस्पितळात जाणे त्याला शक्य होते. बाईच्या वाट्याला त्या विभागाची पायरी क्वचित येई. 'अंगावरून पांढरे जाते' हे तिचे दुखणे सासूला, जावेला, फार तर सुईणीला सांगण्याचे. सरकारच्या लेखी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. बाळंतपणाच्या बाहेर तिला गर्भाशय वा योनी आहे, आणि तिथे आजार असू शकतो, हे ना खात्याच्या तक्त्यात होते ना डॉक्टरच्या प्रश्नांत. शंभर वर्षांपूर्वी मोजणीने फक्त 'बाजारातली' बाई पाहिली होती. आता घरातली बाई न पाहण्याची तऱ्हा पक्की झाली.

ही तऱ्हा मोडली ती गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत एक साधी पण आधी कोणी न केलेली गोष्ट केली. दवाखान्यात येणाऱ्या बायका न मोजता गावातल्या बायका मोजल्या. तक्रार आहे का, हे न पाहता गावात राहते एवढ्या पात्रतेवर प्रत्येकीला बोलावले. तिची विचारपूस केली, अंतर्गत तपासणी केली, प्रयोगशाळेत नमुने पाहिले. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग वा लैंगिक अवयवांचा किमान एक आजार निघाला आणि एका बाईमागे सरासरी ३.६ आजार निघाले. आजारांच्या एकूण ओझ्यापैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. यांतल्या केवळ ८ टक्के बायकांची पूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. ज्यांना काहीच तक्रार नव्हती अशा बायकांतही आजार भरपूर सापडले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याची चर्चा बदलली. इथे दोन शंका रास्त आहेत. पहिली, सगळ्याच बायका तपासणीला आल्या नाहीत. ज्यांना त्रास होता त्याच जास्त आल्या असतील तर आकडा फुगलेला असणार. पण न आलेल्या सगळ्या जणी ठणठणीत होत्या असे धरले, तरी उरणारे प्रमाण कोणत्याही आरोग्यखात्याची झोप उडवेल इतके मोठे आहे. दुसरी शंका अशी की यातले सगळे आजार लैंगिक संबंधातून लागणारे नव्हते. हे खरेच आहे. बुरशी आणि योनीतल्या जंतूंचे बिघडलेले संतुलन यांचा त्यात मोठा वाटा होता. पण हा फरक तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर कोणी तपासलेच नव्हते. गडचिरोलीचे खरे देणे ९२ हा आकडा नाही. आजार शोधायचा तर छेदात अख्खे गाव घ्यावे लागते, ही पद्धत हे त्याचे देणे.

नेमक्या त्याच वर्षी, १९८६ मध्ये, मद्रासमध्ये एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि मुंबईतही एड्सचा रुग्ण आढळला. आता मोजणीची घाई झाली, आणि घाईत पुन्हा जुनीच वाट सापडली: आधी कामाठीपुरा. वेश्यावस्त्यांतल्या नमुन्यांत एचआयव्हीचे प्रमाण काही वर्षांत एखाद्या टक्क्यावरून निम्म्याच्या आसपास गेले, आणि वर्तमानपत्रांत तेवढेच छापून आले. पुण्यात मात्र वेगळे काही घडले. १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली आणि शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. १९९५ मध्ये छापलेल्या पहिल्या मोठ्या निष्कर्षात २,८०० रुग्णांपैकी २३.४ टक्क्यांना एचआयव्हीची लागण होती. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष दोन वर्षांनी आला. दवाखान्यात आलेल्या ५२५ वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांत हे प्रमाण ४९.९ टक्के होते, आणि वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांत १३.६ टक्के. या दुसऱ्या गटातल्या बहुतेक जणींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता, तो म्हणजे नवऱ्याशी. या बायकांना 'धोक्याचा गट' म्हणून कोणी मोजले नसते. त्या दवाखान्यात आल्या आणि वेगळ्या काढून पाहिल्या गेल्या, म्हणून दिसल्या. १८६८ पासून ज्या व्यवस्थेने रोगाचा उगम बाजारातल्या बाईत शोधला होता, तिला पुण्याच्या या आकड्याने उत्तर दिले: घरातल्या बाईला रोग होतो तो घरातूनच, आणि तो आणणारा आपल्या मोजणीतून बराच काळ सुटलेला आहे.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था उभी राहिली आणि १९९८ पासून देशभर ठरावीक केंद्रांवर दरवर्षी एकाच पद्धतीने मोजणी सुरू झाली. ही पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेतल्या बाईचे रक्त व्हीडीआरएलसाठी तसेही घेतले जाते. ठरलेल्या साधारण तीन महिन्यांत, पहिल्यांदाच आलेल्या बायकांपैकी ओळीने चारशे जणींच्या रक्ताचा उरलेला थोडा भाग बाजूला काढायचा. नळीवरचे नाव काढायचे आणि फक्त क्रमांक ठेवायचा. सोबतच्या कागदावर वय, शिक्षण, तिचा आणि नवऱ्याचा व्यवसाय, गाव की शहर एवढेच लिहायचे. मग त्या नळीची एचआयव्हीसाठी चाचणी करायची. निकाल कोणाचा हे कोणालाही कळणार नाही, करणाऱ्यालाही नाही. गुप्तरोग दवाखान्यांत आणि वेश्या, समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे यांच्यासाठीच्या केंद्रांवर नमुना अडीचशेचा. लॉक हॉस्पिटलच्या तिकिटाच्या तुलनेत ही केवढी मोठी मजल होती. नाव पुसून टाकले आणि त्याच क्षणी बाईला पळून जाण्याचे कारण उरले नाही. गरोदर बाईची निवडही शहाणपणाची होती. ती ना 'संशयित' ना 'रुग्ण', ती सर्वसाधारण तरुण संसारी समाजाची प्रतिनिधी. महाराष्ट्रातल्या या केंद्रांवर प्रमाण एक टक्क्याच्या वर निघू लागले, तेव्हा तामिळनाडू, आंध्र, कर्नाटक, मणिपूर आणि नागालँड यांच्याबरोबर राज्याला अतिप्रादुर्भावाच्या यादीत टाकण्यात आले.

तरीही हीसुद्धा दवाखान्याचीच मोजणी होती, आणि २००७ मध्ये तिची मर्यादा चव्हाट्यावर आली. २००५ साली देशात सुमारे ५२ लाख लोक एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज होता. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घराघरांतून एक लाखाहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. देशाचे प्रमाण ०.२८ टक्के आणि महाराष्ट्राचे ०.६२ टक्के निघाले. नव्या अंदाजात बाधितांची संख्या जवळपास अर्ध्यावर, पंचवीस लाखांच्या आसपास आली. इतका फरक का पडला? सरकारी रुग्णालयात येते ती बाई सरासरीपेक्षा गरीब असते. शिवाय खासगी डॉक्टर ज्या गरोदर बाईला एचआयव्हीची लागण आहे वा तसा संशय आहे तिला आपल्याकडे न ठेवता सरकारी रुग्णालयाकडे धाडत, असे आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्याच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे भेदभावाचा एक छोटा निर्णय, हजारो दवाखान्यांत रोज घेतला गेला, आणि त्याने राष्ट्रीय आकडा फुगवला.

'एवढी चूक निघाली, तर दहा वर्षांची मोजणी पाण्यात गेली', असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि काहींनी सगळ्या एड्स कार्यक्रमालाच पैशांसाठी उभा केलेला बागुलबुवा ठरवले. हा आक्षेप पातळी आणि कल या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. पर्जन्यमापक तहसील कचेरीच्या आवारात असतो. तालुक्याच्या प्रत्येक शिवारात किती पडला हे तो सांगत नाही, पण गेल्या वर्षीपेक्षा यंदा कमी की जास्त हे विश्वासाने सांगतो, अट एवढीच की त्याची जागा हलवायची नाही. ठरावीक केंद्रांची मोजणी तशीच आहे. २००६ मध्ये राजेश कुमार, प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या राज्यांतल्या मिळून सुमारे २ लाख ९४ हजार गरोदर स्त्रियांची माहिती तपासली. महाराष्ट्र धरून दक्षिणेकडच्या चार राज्यांत १५ ते २४ या वयोगटातले प्रमाण २००० ते २००४ या काळात १.७ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले होते. वयोगटाची निवड इथे कळीची आहे. मोठ्या वयात प्रमाण घटले तर बाधित माणसे मरण पावल्यामुळेही घटू शकते. विशीच्या आतबाहेरच्या मुलीची लागण मात्र ताजी असते, म्हणून तिथली घट ही नव्या लागणीतली घट. पातळी चुकली होती, कल खरा होता. पुढच्या वर्षांत महाराष्ट्रातले गरोदर स्त्रियांमधले प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आले, हे त्याच मोजणीने दाखवले. चूक सापडली तीही घरोघरच्या दुसऱ्या मोजणीमुळे. एका पद्धतीची परीक्षा दुसरीने घ्यायची, हा धडा १८९५ साली कोणाकडे नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे: लपवाछपवी हवीच कशाला, सगळ्यांची, निदान 'तसल्या' लोकांची सक्तीने तपासणी करून मोकळे का होऊ नये? गोव्याने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९८९ मध्ये रक्तदानातून एचआयव्हीची लागण उघड झालेल्या एका तरुणाला तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे पोलिसांकरवी उचलून जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे कोंडले गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. यातून रोग थांबला नाही. रक्त दिले की कोठडी, एवढा संदेश मात्र सगळीकडे गेला. मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर सक्ती ही निव्वळ नैतिक चूक नाही, ती मोजमापाचीच चूक आहे, कारण ज्याला भीती वाटते तोच छेदातून निसटतो आणि उरलेल्यांचा आकडा खोटा होतो. याउलट सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या 'संग्राम' या संस्थेने आणि तिच्यातून १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने वस्तीतल्या बायकांनाच निरोध पोचवण्याचे, एकमेकींना दवाखान्यात नेण्याचे काम हाती घेऊ दिले आणि सक्तीच्या चाचण्यांना ठाम विरोध केला. धोका जास्त असलेल्या गटांवर वेगळे लक्ष ठेवावे लागते, हे मान्यच आहे. रोगाची साखळी तिथे लवकर तोडता येते आणि महाराष्ट्रात ती तशी तोडली गेली. पण त्या गटाला आरोपी म्हणून मोजायचे की सहकारी म्हणून, यावर आकड्याचा खरेपणा ठरतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली, ती दयेपोटी नाही. दीडशे वर्षांच्या अनुभवातून आलेली ती व्यवहाराची गरज आहे.

आज एचआयव्हीपुरती आपली मोजणी जगातल्या चांगल्या मोजण्यांत बसते, पण परमा, गरमी, क्लॅमिडिया, जननेंद्रियांवरची नागीण यांच्याबाबत आपण अजून दवाखान्याच्या दारातच उभे आहोत. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणांवरून उपचार होतात. लिंगातून वा गर्भाशयाच्या मुखातून स्राव असेल तर करड्या रंगाचे औषधाचे पाकीट, योनीतून असेल तर हिरवे, जखम असेल तर पांढरे, नागिणीच्या फोडांना लाल. औषध त्याच दिवशी हातात पडते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. पण किती हिरवी पाकिटे वाटली यावरून किती बायकांना कोणता जंतुसंसर्ग होता हे कळत नाही. ज्या बाईला लक्षणच नाही तिच्या वाट्याला कोणत्याही रंगाचे पाकीट येत नाही, आणि अशा बायका किती असतात हे वसा-अमिर्झाने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे. खासगी डॉक्टरकडे आणि थेट औषधाच्या दुकानात जाणारे पुरुष कोणत्याच वहीत नसतात. परम्याचा जंतू एकेका प्रतिजैविकाला दाद देईनासा होत असताना त्याची वाढ करून तपासणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. गरोदरपणातली व्हीडीआरएल चाचणी सोडली तर समाजात गरमी किती आहे याचा सलग, जिल्हावार अंदाज सामान्य वाचकापुढे येत नाही. पाकिटांची गोळाबेरीज हा भरतीच्या नोंदींचाच नवा अवतार आहे.

म्हणून राज्य शासनाकडे मागणी साधी असावी. एचआयव्हीसाठी जे केले ते या आजारांसाठीही करा. दर काही वर्षांनी निवडक जिल्ह्यांत घरोघर जाऊन, स्त्रिया आणि पुरुष दोघांची, लक्षण असो वा नसो, संमतीने आणि नाव न लावता प्रयोगशाळेतली तपासणी करा. दरम्यानच्या वर्षांत ठरावीक केंद्रांची जागा न हलवता कल पाहा, आणि दोन्ही आकडे छेदासकट प्रसिद्ध करा. याला खर्च येईल. पण चुकीच्या लोकांना मोजून चुकीच्या जागी खर्च केलेले पैसे त्याहून जास्त असतात, हे पलटणींच्या हिशेबवहीत दिसलेच आहे. आणि वाचकांनी, 'अमुक जिल्ह्यात गुप्तरोग इतके टक्के वाढले' असा मथळा पुढे आला की टक्का वाचण्याआधी एवढे विचारावे: हे टक्के किती जणांमागे, ते कुठून आले, आणि त्यांत पुरुष होते का? या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर तो आकडा रोगाबद्दल काही सांगत नाही.